आधी रेघ

दुकानदाराने अंक काउंटरवरच्या मऊ कापडावर ठेवला आणि हातमोज्यातल्या एका बोटाने तो काकांकडे सरकवला.

"परत एकदा सांगतो, काका. सही खोटी आहे."

"आणि मी परत एकदा सांगतो, ती माझ्यासमोर झाली आहे," काका म्हणाले. "म्हणून तर हिला घेऊन आलोय. विचार हिला."

ती दाराजवळच उभी होती. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. दुकानदाराने मान वर करून पाहिलं आणि ओळख पटताच हातमोजे काढले.

"ताई, तुम्ही? या ना, बसा. काका, आधी सांगायचं नाही का, सरांची मुलगी आहे म्हणून!"

त्याने स्वतःचं स्टूल पुढे केलं. ती बसली नाही.

काका चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. जुनी कॉमिक्स जमवणाऱ्या मंडळींत त्यांना अनुस्वारकाका म्हणत, कारण कुठल्याही अंकातला गळालेला अनुस्वार त्यांच्या नजरेतून सुटत नसे आणि सापडला की प्रकाशकाला पत्र गेलंच म्हणून समजावं. आता मुलाकडे राहायला जायचं ठरलं होतं. एका खोलीत कपाटं किती नेणार, म्हणून ते एकेक अंक काढून टाकत होते. 'कंदीलवाला'चा पहिला अंक त्यांनी सगळ्यांत शेवटी दुकानात आणून दिला. मुखपृष्ठावर, कंदिलाच्या उजेडाच्या कडेला, चित्रकाराची, म्हणजे तिच्या बाबांची, सही होती. दुकानदाराने लिलावाच्या यादीत त्या अंकापुढे शेरा मारला आणि अंकावरही तीच चिठ्ठी लावली: सही संशयास्पद.

शेऱ्याला पाय फुटायला दोन दिवस पुरले. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि म्हातारपणी हा उद्योग, असं कुणीतरी हसत म्हणालं. रविवारच्या बैठकीत काकांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. काल ते तिच्या कामाच्या जागेबाहेर तासभर उभे होते. ती बाहेर आल्यावर त्यांनी एकच विचारलं होतं, "मी घरी आलो होतो, आठवतंय ना तुला?" आणि ती लगेच हो म्हणाली होती. त्यात विचार करण्यासारखं काय होतं? जायचं, हो म्हणायचं, परत यायचं.

"मी होते तिथे," ती आता म्हणाली. "सही बाबांचीच आहे."

दुकानदाराने हातमोजे घडी करून बाजूला ठेवले. मग अगदी हळू आवाजात, आजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाला,

"ताई, तुमच्यावर अविश्वास नाही. पण माणूस गेल्यावर मागच्यांना खूप काही आठवतं. माझी आई गेली तेव्हा मला तिच्या हातचे असे पदार्थ आठवायचे, जे तिला करताच येत नव्हते."

"मग मला काय भास झाला?" काका उसळले.

"काका, तुम्ही शुद्धलेखन तपासा. सह्या आम्हाला तपासू द्या."

"सही म्हणजे लेखनच की रे! अशुद्ध असेल, पण खोटी कशी?"

दुकानदार मागे वळला. त्याने भिंतीवरच्या काचेच्या कपाटाचं कुलूप उघडलं. आत एकाच पुस्तकाच्या तीन प्रती उभ्या होत्या: सगळे अंक एकत्र बांधलेली 'कंदीलवाला'ची देखणी आवृत्ती. तीनशेच प्रती, प्रत्येकीच्या पहिल्या पानावर चित्रकाराची सही. बाजारात नुसत्या पुस्तकाला कुणी विचारत नसे. त्या एका पानामुळे लोक महिनोन् महिने नंबर लावून थांबत.

तिने भिंतीकडे पाहिलं आणि पुन्हा जमिनीकडे.

"सरांनी उमेदीच्या काळात सह्या केल्याच नाहीत," दुकानदार सांगू लागला. हे त्याने अनेकांना सांगितलेलं असावं. "तेव्हा चित्रकाराचं नाव छापायचीच पद्धत नव्हती. मूळ चित्रं तर रद्दीत गेली. म्हणजे नमुना म्हणून आपल्याकडे खात्रीचं काय, तर ह्या तीनशे. प्रकाशकाने घरी पानं पाठवली, सरांनी घरी बसून केल्या. यापेक्षा मोठा पुरावा नाही. या, तुम्हीच बघा."

त्याने पुस्तक उघडून तिच्यासमोर धरलं आणि भिंग तिच्या हातात दिलं.

सही सुरेख होती. अक्षरं एकमेकांना धरून उभी, शेवटची वेलांटी कंदिलाच्या कडीसारखी वळलेली. तिने भिंग डोळ्याशी नेलं. हात स्थिर होता. तिचा हात नेहमीच स्थिर असे. दातांच्या प्रयोगशाळेत ती कृत्रिम दात घडवायची आणि ज्याचा दात जसा वाकडा, तसा तो वाकडा उतरवायची, म्हणजे माणूस हसला की स्वतःसारखा दिसतो. बाप खोटी माणसं काढतो, मुलगी खोटे दात करते, घरात खरं काय ते मांजर, असं बाबा म्हणायचे.

सह्यांची सुटी पानं खोक्यात आली तेव्हा त्यांच्या हाताला कंप सुटून वर्ष झालं होतं. आठ दिवसांत त्यांनी अकरा पानं केली. मग खोकं पलंगाखाली ढकललं आणि प्रकाशकाचा फोन आला की झोपेचं सोंग घेऊ लागले. खोकं तिला झाडताना सापडलं. तिने वरचं एक पान घेतलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर कोऱ्या कागदावर तशी सही करून पाहिली, थरथर तेवढी वगळली, आणि कागद बाहेरच्या खोलीत त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो लांब धरून पाहिला होता.

"वेलांटी जरा ढिली सोड," ते म्हणाले होते. "मी एवढा शहाणा कधीच नव्हतो."

बस, एवढंच. नंतर सहा रविवार ती आतल्या टेबलावर बसत होती आणि ते बाहेर रेडिओ ऐकत होते. त्यांनी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. दोनशे एकोणनव्वद पानं. त्यांची अकरा त्यातच मिसळली, खोकं बंद झालं, गेलं.

"आता रेघ बघा," दुकानदार म्हणाला. "अक्षरांच्या डोक्यावरची. दांडा जिथे रेघेला मिळतो तिथे शाई कशावर चढलीय? रेघ वर आहे. म्हणजे आधी अक्षरं, मग रेघ. आपण सगळे शाळेत शिकतो तशीच. आणि आता हे."

त्याने काकांचा अंक भिंगाखाली सरकवला.

सही वेडीवाकडी होती. पण ती पाहत होती ती रेघ. इथे अक्षरांचे दांडे रेघेवरून गेले होते. एकेक दांडा रेघेला येऊन लटकलेला, शाई रेघेवर फुगून वाळलेली.

"इथे आधी रेघ," दुकानदार म्हणाला. "असं कोण करतं? नक्कल करणारा करतो. सही सरळ यावी म्हणून आधी पट्टीसारखी रेघ मारतो. त्यात हात घाबरलेला, म्हणून ही थरथर. काका, तुम्ही केली असं मी म्हणत नाही. तुम्हाला कुणीतरी फसवलं असेल."

"घरी बसून? त्यांच्याच खुर्चीत बसून?" काकांचा आवाज चिरकला. "अरे, दहा मिनिटं लागली त्यांना! डाव्या हाताने उजवं मनगट धरलं होतं. नवव्या पानावरच्या संवादाच्या फुग्यात अनुस्वार राहिलाय म्हणून मी दाखवलं, तर केवढ्याने हसले. म्हणाले, द्या तो पेन, चुकीची सहीनिशी कबुली देतो. आणि आधी रेघच मारली. मी विचारलंसुद्धा, अहो, हे काय उलटं? तर म्हणाले, जन्मभर त्या एवढ्याशा फुग्यांत संवाद लिहिले. आधी दोरी बांधायची, मग कपडे वाळत घालायचे, नाहीतर शब्द फुग्याबाहेर जातात."

ते तिच्याकडे वळले.

"तू दारात उभी होतीस. औषध घेऊन. पाहिलंस ना तू?"

ती दारात उभी होती हे खरं. औषधाचा चमचा भरलेला होता. पण तो हात कागदावर टेकलेला तिला बघवला नव्हता आणि दहा मिनिटं ती खिडकीच्या गजांकडे पाहत राहिली होती. गज सात होते. बाबा छापखान्याशेजारच्या खोलीत काम करायचे, घरी कधी फुगा काढला नाही. आधी दोरी, हे तिने जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

तिने भिंग पुन्हा अंकावर धरलं. रेघ डावीकडून सुरू झाली होती ती ठाम. मध्ये घसरली, सावरली, आणि मग त्या घसरलेल्या दोरीलाही प्रत्येक अक्षर न चुकता अडकवलेलं होतं.

"ताई?" दुकानदार म्हणाला.

"नाही," ती म्हणाली. "मी पाहिलं नाही. मी दुसरीकडे बघत होते."

काकांनी काउंटरची कड धरली. दुकानदाराने सुस्कारा सोडला. त्यात सुटका होती आणि थोडी लाजही.

"राहू दे काका. शेऱ्याचं काय, लोक महिन्याभरात विसरतात." मग तिच्याकडे पाहून, "बरं झालं ताई आलात. मी फोन करणारच होतो. पुढच्या लिलावात या प्रती आहेत. घरच्या माणसाचं एक पत्र जोडलं, की ह्या सह्या सरांच्याच, तर कुणाला शंकेला जागा उरणार नाही. मजकूर मी टाइप करून ठेवलाय. खाली फक्त सही हवी."

त्याने कागद पुढे ठेवला, त्यावर पेन ठेवला. मजकूर चार ओळींचा होता. काका कापडासकट आपला अंक गुंडाळू लागले होते. कापड दुकानाचं आहे हे त्यांच्या लक्षात आलं, तसे ते पुन्हा उलगडू लागले. त्यांना ते उलगडता येईना.

तिने पेन उचलला. कागद पालथा केला. मागची बाजू कोरी होती.

"अहो, ताई, इकडून..."

ती लिहीत होती. घाईने नाही, थांबतही नाही. पहिलं अक्षर, दुसरं, तिसरं. शेवटची वेलांटी जराशी ढिली सोडली. मग पेन उचलून डावीकडे नेला आणि सगळ्यांच्या डोक्यावरून एका झटक्यात रेघ ओढली. कागद दुकानदाराकडे फिरवला आणि त्यावर भिंग ठेवलं.

दुकानदाराने भिंग लावलं. कपाटातून काढलेली प्रत शेजारी ओढली. पुन्हा कागद, पुन्हा प्रत. रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टीं टीं आवाज आत येत राहिला आणि थांबला. त्याने मान वर केली तेव्हा त्याच्या डोळ्याभोवती भिंगाचा गोल वळ उठला होता.

"सगळ्या?"

"दोनशे एकोणनव्वद. अकरा त्यांच्या."

"तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय..." त्याने दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. "हे इथेच राहू दे. तुम्ही आज आलाच नाहीत. लोक काय म्हणतील सरांना? बापाच्या नावाने पोरगी..."

"म्हणू देत."

"आणि ज्यांनी घेतल्यात ते? मी विकल्यात त्या, ताई! माझ्या तोंडाच्या शब्दावर घेतल्यात लोकांनी!"

"त्यांना माझं नाव सांगा."

काकांनी अंक कापडासकट काउंटरवर ठेवला. ते इतकंच म्हणाले, "पोरी, माझ्या एका अंकापायी हे नको होतं गं."

तिने मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ हो की नाही हे काकांना कळलं नसावं.

दुकानदार स्टुलावर बसला. त्याने काकांच्या अंकावरची शेऱ्याची चिठ्ठी नखाने सोडवली, चुरगळली, मुठीत ठेवली. मग त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"गेल्या वर्षी," तो म्हणाला, "ह्याच आवृत्तीची एक प्रत आली होती. सही अशीच, थरथरलेली. मला वाटलं, कुणीतरी मूळ पान काढून नकली चिकटवलंय. प्रतीच्या मालकाला म्हटलं, हे पान काढून टाका, निदान बिनसहीचं म्हणून तरी कुणी घेईल. ते म्हणाले, तुम्हीच काढा. मी इथेच काढलं. पातं लावून."

"फेकलंत?"

"नाही. अशी मी ठेवतो. नवख्यांना दाखवायला."

त्याने खालचा खण ओढून एक जाड फाइल काढली. पाठीवर ठळक अक्षरात लिहिलं होतं: नकली. प्लॅस्टिकच्या पाकिटांची पानं त्याने एकेक उलटली आणि मधल्या एकापाशी थांबून फाइल तिच्याकडे वळवली.

भिंगाची गरज नव्हती. पानाची डावी कड पात्याने कापलेली, सरळ. रेघ आधी मारलेली होती, आणि अर्ध्यावर हात पार खाली गेला होता. अक्षरं तरीही रेघेमागोमाग खाली उतरली होती, एकही न सुटता. शेवटच्या वेलांटीशी शाईचा थेंब सांडला होता आणि तो कुणीतरी बोटाने टिपल्याचा ठसा होता.

तिने त्या ठशाशेजारी आपलं बोट ठेवलं, प्लॅस्टिकच्या वरून. बराच वेळ ते तिथेच राहिलं. दुकानदाराने खण बंद केला नाही. काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"या गृहस्थांचा पत्ता द्या मला," ती म्हणाली. "पान मी नेऊन देते."

"ताई, या पानाची आता..." दुकानदार म्हणाला, आणि पुढचं त्याने गिळलं. वही उघडून तो पत्ता उतरवू लागला.

तिने पाकिटातून पान दोन बोटांनी अलगद ओढून घेतलं. पाकीट रिकामं राहिलं. मग काउंटरवरचा तो पालथा कागद तिने उचलला, शाई वाळलीय ना पाहिलं, एक घडी घातली आणि फाइलीतल्या त्याच पाकिटात सरकवला, सही वर येईल असा.