परसातला नांगर

थोरल्या सुनेच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. खिडकीत रोपं, कपाटावर रोपं, पलंगाखालच्या खोक्यांतही रोपं. टोमॅटो, वांगी, कोबी, ढोबळी मिरची. उजेडाच्या ओढीने माना लांबवून लांबवून बिचारी लुकडी झाली होती. याच आठवड्यात ती मातीत गेली नाहीत, तर खोक्यातच माना टाकणार हे तिला लख्ख दिसत होतं.

कारखान्याचं कँटीन बंद पडलं आणि तिचं तिथलं काम सुटलं. तेव्हा इस्पितळाच्या मुदपाकखान्यातली मुख्य स्वयंपाकीण म्हणाली होती, "तू पिकव गं, मी घेते." एवढ्या एका शब्दावर तिने हा हिरवा संसार मांडला होता. नवरा जहाजावर, घरी सासू आणि दीर. घरामागचं परस मात्र सासरे गेल्यापासून पडीक होतं आणि रस्त्यासारखं टणक झालं होतं. पाठीच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तिच्या हातातली कुदळ कायमची काढून घेतली होती. भाड्याचा ट्रॅक्टर आणावा, तर तो बोळातच अडकला असता.

राहता राहिला सासऱ्यांचा बुटका ट्रॅक्टर. त्याच्या बसक्या अंगामुळे सगळे त्याला बेडूक म्हणत. दिराने खटपट करून तो सुरू केला होता. बेडूक डराव डराव करत होता, धूर सोडत होता, फक्त त्याच्या मागे लावायला नांगर नव्हता.

"दुकानदार म्हणतो, याचा नांगर बनायचा कधीच थांबलाय," दीर म्हणाला. "वहिनी, फार तर याच्यावर बसून भाजी आणायला जा तुम्ही."

"भाजी आणायला नाही भाऊजी, विकायला जायचंय मला," ती म्हणाली आणि रोपांना पाणी द्यायला पाइप ओढू लागली.

पाइप शेडमागे कशाला तरी अडकला. तिने झटका दिला, तो हलेना. वाकायचं नव्हतं म्हणून ती गुडघ्यांवर बसली. गवत बाजूला केलं, कुजकं पोतं सोललं. आत लोखंडाचं एक वेडंवाकडं धूड कुशीवर निजलं होतं. एका बाजूने टोकदार, दुसऱ्या बाजूने पानासारखं वळलेलं, वर भोकाभोकांचा दांडा.

दिराने ते ओढून अंगणात आणलं आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "नांगर आहे, होडीचा! बाबांना कुठे निघून जायचं होतं कुणास ठाऊक."

सासूबाई खुर्चीतूनच म्हणाल्या, "त्यांना कुठलं जायचं असायला! ते आपल्या जुन्या बंबाचं बूड असेल. तुझ्या बापाने आयुष्यात काही टाकलं का? सगळं ठेवायचं आणि कुठे ठेवलं ते विसरायचं."

थोरली सून धुडापाशी बसली. ती त्या वळणावरून बोटं फिरवत होती. बाहेरून गंजाने पापुद्रे धरले होते, पण आतली बाजू पापुद्र्याखाली गुळगुळीत लागत होती, रोजच्या वापरातल्या डावासारखी. असं गुळगुळीत काय करतं? पाणी नाही. हातही नाही, एवढ्या मोठ्या पात्यावर कुणाचा हात फिरणार? तिने नळाखालची ओली माती मूठभर घेतली, टोकापाशी ठेवली आणि तळव्याने वर सरकवली. माती पात्यावर चढली, वळणावर हळूच कलली आणि पलीकडे उताणी पडली. खालची काळी बाजू वर आली.

"भाऊजी," ती म्हणाली, "हे मातीला कुशीवर वळवतं."

दिराने पुन्हा माती ठेवली, पुन्हा ढकलली. माती पुन्हा उलटली. तो लहान मुलासारखा हसला आणि तसाच समोरच्या वेल्डरला हाक मारायला धावला. त्या वेल्डरला सगळी गल्ली ठिणगी म्हणायची.

ठिणगीने चष्मा कपाळावर चढवला, बेडकाच्या मागची भोकं बघितली, धुडाच्या दांड्याची भोकं बघितली. "बेडकाचाच नांगर आहे हा. पण अर्धाच आहे. गवत कापायची चकती नाही, जोडायची खीळ नाही, नांगर वर-खाली करायचा लांब दांडा नाही."

मग सुरू झाली शोधाशोध. शेड पालथी घातली, माळा पालथा घातला. काही मिळालं नाही. संध्याकाळी दमून ती पिंपाजवळ तोंड धुवायला गेली. पिंपाचं झाकण वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर एक लोखंडी ताटली कायम असायची. आज तिने ती उचलून बघितली. मधोमध भोक होतं, कडेला धार होती.

"अगं बाई!"

त्या हाकेने घराचे डोळे उघडले. एवढे दिवस प्रत्येक जण नांगराचा एकेक अवयव वापरत होता. सासूबाई जिने अक्रोड फोडायच्या ती जाड कांडी म्हणजे खीळ. ती मागितल्यावर त्या म्हणाल्या, "घ्या, आणि अक्रोड काय मी कवळीने फोडू?" पण कांडी त्यांनी लगेच दिली.

दांडा मात्र समोरच होता आणि कुणी नाव घेत नव्हतं. मागच्या दाराला आडवा लावायचा अडसर. सासरे गेल्यापासून सासूबाई त्याच दाराशी झोपायच्या. अडसर सरकल्याचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकला, तरच त्यांचा डोळा लागे.

दीर चाचरत म्हणाला, "आई, तो..."

"दिसतंय मला. आंधळी नाही झाले अजून."

"राहू द्या आई," थोरली सून म्हणाली. "ठिणगीदादा दुसरा करून देतील."

"चार दिवस तरी लागतील," ठिणगी म्हणाला. "माप काढून वाकवायला हवा."

चार दिवस. तिची नजर नकळत खिडकीतल्या रोपांकडे गेली. पानांच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या. सासूबाईंनी ती नजर पाहिली. खुर्चीचे हात धरून त्या उठल्या, दाराशी गेल्या, दोन्ही हातांनी अडसर काढला आणि सुनेच्या हातात दिला.

"घे. मी म्हातारी जागी राहिले तर काही बिघडत नाही. ती पोरं निजली तर उठायची नाहीत."

घरात आभार कोण मानतं? तो शब्द पाहुण्यांसाठी. तिने अडसर छातीशी धरला, बस्स.

सकाळी ठिणगीने वाकडं झालेलं एक भोक सरळ केलं आणि नांगर जोडला. पहिलं तास म्हणजे मातीत नुसता उथळ चर निघाला. दिराने दांड्याची खाच बदलली, एक चाक त्या तासातच घातलं, आणि दुसऱ्या फेरीला बेडूक कण्हत पुढे सरला. फाळ खोल गेला. माती लाटेसारखी उठली, वळली, निजली. गांडुळं बाहेर आली, चिमण्या उतरल्या. सासूबाई खुर्चीतून हातवारे करत होत्या आणि गुणगुणत होत्या. जात्यावर शिकलेली चाल, शब्द मात्र आत्ताचे:

"गंजल्या गं लोखंडाला, कुणी नाही पुसियलं
मातीला गं भेटताना, रूप त्याचं हसियलं."

"आई, बेडकावरही एक होऊ दे!" दीर ओरडला.

"तू खाली उतर, मग तुझ्यावरच रचते!"

ढेकळं फोडून झाली तशी थोरली सून एकेक खोकं बाहेर आणू लागली. शेवटचं खोकं आणताना तिने आपली गादीही गुंडाळून आणली आणि मागच्या दाराशी टाकली.

"हे काय?" सासूबाईंनी विचारलं.

"आजपासून मी इथे झोपणार. दारात मी, माझ्यामागे तुम्ही."

"तू घोरतेस."

"मग चोर आला तर तोच घाबरेल."

सासूबाई तोंडावर पदर धरून हसल्या. मग काठी टेकत, तिचा खांदा धरत, नांगरलेल्या मऊ मातीत उतरल्या. पाऊल घोट्यापर्यंत रुतलं तशा तिथेच थांबल्या. सुनेने एक लुकडं रोप त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते खळग्यात उभं धरलं, सुनेने दोन्ही बाजूंनी माती सारली आणि दोघींच्या बोटांनी मिळून ती दाबली.

"घट्ट नको," सासूबाई म्हणाल्या, "त्याला जरा हलू दे."