टबात बुडवलेलं नाव

क्वेंटिसचा नवा अल्बम म्हणजे नुसता चोरबाजार. चौदा गाणी, एकाचीही चाल स्वतःची नाही. जुन्या तबकडीतला कुणाचा तरी गोड मुखडा उचलायचा, तोच गरागरा फिरवायचा आणि त्यावर आपण किती थोर ते बरळायचं. ब्राँक्सच्या पार्कात लोकांना नाचवायला हा धंदा मी त्याच्या जन्माआधी केलाय. पण मी एकाच गाण्याच्या दोन तबकड्या शेजारी ठेवून फक्त ढोलाचे चार ठोके आलटून पालटून घ्यायचो. हा अख्खा गळाच कापून नेतो.

रविवारी चर्चहून आल्यावर माझी बहीण ऑर्डेला मासे तळत होती आणि मी टेबलाशी बसून अल्बमला शिव्या घालत होतो. सहावं गाणं लागलं. तिचा झारा थांबला.

"लूशस, ही मी आहे."

तीच होती. पंचवीस वर्षांपूर्वी तिने गायलेली एकुलती एक तबकडी. अल्बमच्या कागदावर छापलं होतं, 'गायिका अज्ञात'.

क्वेंटिस खालच्याच मजल्यावर राहतो. ऑर्डेलाला घेऊन मी त्याचं दार बडवलं.

"हिचं नाव छाप."

"काका, तबकडी तुझ्याच पेटीतली. गुडघे गेले, उचलवत नाही म्हणून ती पेटी तूच दिलीस ना? तबकडीवरचा नावाचा गोल कागद कुठाय?"

कागद मीच काढला होता. दुसऱ्या वाजवणाऱ्याने नाव वाचलं, तर पुढच्या शनिवारी तो तेच ठोके वाजवणार. म्हणून आम्ही तबकड्या न्हाणीच्या टबात भिजत घालायचो आणि नावं खरवडून टाकायचो. हुशारी म्हणे!

"मावशी, गाऊन दाखव की," क्वेंटिस म्हणाला.

ऑर्डेला गायली. आवाज आता जाड झालाय, वरच्या सुरात फाटतो. त्याने टाळ्या वाजवल्या, पोराच्या वाढदिवसाला वाजवतात तशा.

"झकास! पण ही ओळ आता अख्खी गल्ली गाते. परवा दोघीजणी येऊन गेल्या, 'ती गाणारी मीच' म्हणत."

"गाढवा, मी सांगतोय ना!"

"तू? पार्कात तीन वर्षं वाजवलीस, तेव्हा सांगितलंस कुणाला?"

जिन्यात आल्यावर मी थुंकलो. "चोर साला."

ऑर्डेला कठड्याला धरून उभी राहिली. "चर्चच्या तळघरात माझ्या त्या तबकडीच्या पन्नास प्रती होत्या. त्यांचं काय झालं रे?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण जमलं नाही. "दोन ठेवल्या. बाकीच्या फोडल्या. दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून."

"आणि मला म्हणालास, कुणी ऐकलंच नाही, परत केल्या लोकांनी. मी गाणं सोडलं तुझ्या त्या एका वाक्यावर." तिने हातातला तेलकट फडका माझ्या छातीवर फेकला. "तो चोर आहे. पण त्याने मला ऐकलं तरी."

ती उलटी वळली, खाली उतरली आणि तिने पुन्हा त्याचं दार वाजवलं.

"ए पोरा, जुनं पुरे झालं. नवं गाऊन हवंय का? नाव आधी लिहून घ्यायचं, मग तोंड उघडीन."

"ये ना मावशी, ये."

दार लागलं. मला कुणी आत बोलावलं नाही.