सगुणाच्या पाटाखालचा शब्दकोश

मित्रांनो, आधी नाकाला रुमाल लावा. माझ्या पानापानाला बोंबलाचा वास येतो आणि तो आता जायचा नाही. मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. माझ्या पोटात चाळीस हजार शब्द आहेत आणि सध्या माझा मुक्काम अंधेरीच्या मासळी बाजारात, सगुणा नावाच्या कोळणीच्या पाटाखाली आहे. हसू नका. ती माझ्यावर का बसते हे ऐकलंत, तर हसू यायचं नाही.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. शाई, खळ, दोरा, लाल कापडी पुठ्ठा, झालं. खरं आयुष्य सुरू झालं ते अंधेरी स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर, जुन्या पुस्तकांच्या ढिगात. सगुणा बाजार उठवून वेसाव्याला घरी निघाली होती. डोक्यावर रिकामी पाटी, बरोबर आठवीतला मुलगा दिपेश. शाळेत बाईंनी डिक्शनरी आणायला सांगितलं होतं. पुस्तकवाल्याने भाव सांगितला. सगुणा म्हणाली, परवडत नाही. तो म्हणाला, मलाही परवडत नाही. मग ती वळली आणि दोन पावलं चालली. अगदी सावकाश, सगळं लक्ष पाठीमागे ठेवून. दिपेश रडवेला झाला. पण तिसरं पाऊल पडायच्या आत मागून हाक आली, "ओ मावशी, या इकडं. घेऊन जा."

वाटेत तिने पोराला समजावलं. परवडत नाही, ही बोलण्याची सुरुवात असते रे बाबा. गिऱ्हाईक वळलं की त्याला दोन पावलं जाऊ द्यायचं आणि हाक मारायची. ज्याला माल हवा असतो तोही हळूच चालतो. बाजारात बसून ती एवढं एक शास्त्र शिकली होती, आणि ते कधी चुकलं नव्हतं.

रोज संध्याकाळी सगुणा उरलेली मासळी साफ करायला बसायची आणि दिपेश समोर मला मांडीवर घेऊन मोठ्याने शब्द वाचायचा. तिला अक्षरओळख नव्हती, पण ऐकायची हौस भारी. एकदा त्याने 'अफोर्ड' काढला. परवडणे, झेपणे, ऐपत असणे. खाली वापर दिला होता, 'त्याला नवा कोट घेणे परवडत नाही.' सगुणाचा हात थांबला.

"मंग फुडं काय झालं? शेवटाला कितीला दिला तो कोट?"

दिपेश हसून लोळला. पुढे काही नाही, वाक्य संपलं, असं तो परोपरीने सांगू लागला. सगुणाला काही ते पटेना. परवडत नाही म्हटल्यावर वाक्य संपतंच कसं? पुस्तक लिहिणारा कधी बाजारात गेला नसेल, असं म्हणून तिने ओल्या बोटाने ते पान दाबून पाहिलं. त्या बोटावरचा मासळीचा एक खवला तिथे चिकटला, तो आजही आहे.

आणि एक गोष्ट सांगतो. जी बाई दिवसातून शंभर वेळा हा शब्द गिऱ्हाइकांना ऐकवायची, तिने तो पोराला एकदाही ऐकवला नाही. क्लास म्हणाला, दिला. कॉम्प्युटर म्हणाला, दिला. नवऱ्यामागे एकटीने इंजिनियर केलं त्याला. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की सुके बोंबील आणि जवळा घेऊन लोकांचे जिने चढली. त्याच जिन्यांनी तिचे गुडघे खाल्ले. मी सगळं पाहिलंय, म्हणून माझी जीभ कडू आहे.

दिपेश शिकला, नोकरीला लागला, गोरेगावला चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. निधीशी लग्न झालं. पोरगी शिकलेली, तोंडाने कधी वाईट बोलायची नाही. मी त्यांच्याबरोबर गोरेगावला गेलो. आधी शोकेसमध्ये होतो. मग लॅपटॉप उंच करायला त्याच्याखाली गेलो. अर्थ बघायला आता मोबाईल होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. एके दिवशी माझ्याच पाठीवर बसून बालीची तिकिटं निघाली. त्याच आठवड्यात लॅपटॉपला झकास नवा स्टँड आला आणि मी दाराशी रद्दीच्या पिशवीत पडलो. लहानपणी दिपेश सगुणाला आये म्हणायचा. आता आई म्हणू लागला होता.

त्याच रविवारी सगुणा आली. साफ केलेली पापलेटं घेऊन, भिंतीला धरून धरून. दारातच तिला माझा लाल पुठ्ठा दिसला. तिने मला उचललं आणि आपल्या पिशवीत टाकलं. म्हणून पुढचं सगळं मी पिशवीतून ऐकलं. नवा सोफा आला होता. निधीने लगबगीने त्याच्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि म्हणाली, बसा ना आई. एरवी सगुणा खाली बसली असती. पण खाली बसायला गुडघे लागतात. ती त्या कागदावर बसली.

डॉक्टरने सांगितलेलं तिने सांगितलं. दोन्ही गुडघे बदलायला लागणार, नाहीतर वर्षभरात चालणं बंद.  दिपेश म्हणाला, "आई, सध्या नाही गं अफोर्ड होत. घराचे हप्ते, त्यात हे फर्निचर."

मित्रांनो, सगुणा हसली. खरंच हसली. हा शब्द तिच्या ओळखीचा होता. तिला वाटलं, चला, बोलणं सुरू झालं.

"बरं, दोनी नको," ती म्हणाली. "येकच कर. उजवा. डावा मी ओढीन."

दिपेश म्हणाला, एकसुद्धा जमणार नाही, पुढच्या वर्षी बघू. सगुणा आणखी खाली आली. सरकारी दवाखान्यात करू, पैसा नको, फक्त चार दिवस माझ्यासंगती ये, असं म्हणाली. दिपेशने मोबाईलमध्ये बघत सांगितलं की मे महिन्यासाठी सुट्ट्या राखून ठेवल्यात, आत्ता चार दिवससुद्धा अफोर्ड नाही होणार.

मग सगुणाने जे आयुष्यभर केलं तेच केलं. सोफ्याच्या हाताला धरून उठली, वळली आणि दाराकडे दोन पावलं चालली. अगदी सावकाश. तिसरं पाऊल तिने टाकलं नाही. चपला घालायच्या निमित्ताने थांबली. एक पट्टा लावला, काढला, पुन्हा लावला. मी पिशवीत जीव मुठीत धरून बसलो होतो. मार रे हाक, दिपेश. तुला शिकवलंय तिने. आतून कागद गोळा केल्याचा आवाज आला, बाकी काही नाही. ती लिफ्टपाशी गेली. एक लिफ्ट आली, ती तिने जाऊ दिली. दुसरी आली, तीही जाऊ दिली. मग दिपेशच्या घराचं दार बंद झालं आणि आतून कडी लागली.

"नाय मारली," एवढंच ती म्हणाली. कोणाला म्हणाली, मला ठाऊक नाही.

माझ्यात त्या शब्दाचे तीन अर्थ छापलेत. दिपेशने वापरला तो त्यातला एकही नव्हता. पैसा आहे, पण तो तुझ्यासाठी नाही, असा अर्थ कुठल्या कोशात नाही. तरी लोक तो सर्रास वापरतात आणि ऐकणाऱ्याला तो बरोबर कळतो. त्या दिवशी मला माझ्या चाळीस हजार शब्दांची लाज वाटली.

आता सगुणाचे गुडघे पुरते वाकत नाहीत. तिच्या बहिणीची मुलगी कल्पिता शेजारीच बसते. तिने मला प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाटाखाली सरकवलं, तेवढीच मावशीची बैठक चार बोटं उंच झाली. इंजिनियर लेकाकडून जे झालं नाही, ते माझ्याने चार बोटांपुरतं होतंय. पाणी आत शिरतं, पानं फुगलीत, पाठ मोडलीय. मोडू दे.

एक गोष्ट मात्र बदलली. सगुणा आता गिऱ्हाइकाला दोन पावलं जाऊ देत नाही. कोणी नुसतं वळलं, की हाक मारते आणि मागतील त्या भावात देऊन टाकते. बायकांनाही ते कळलंय, त्या मुद्दाम वळतात. कल्पिता चिडते, अशाने धंद्याची वाट लागेल म्हणते. सगुणा तिला म्हणाली, "मना वळलेली पाठ बघवत नाय गं."

मित्रांनो, जुनी पुस्तकं जपा, असं मी म्हणणार नाही. मला रद्दीत घाला, फाडा, माझ्यात भेळ बांधा. पण तुमच्या दारातून कोणी सावकाश निघालं असेल, चपलेचा पट्टा पुन्हा पुन्हा लावत असेल, तर कडी लावू नका, हाक मारा. दिपेश परवा बालीहून आला. आई त्या दिवशी समजून गेली, एका शब्दाने भांडली नाही, असं तो फोनवर कल्पिताला कौतुकाने सांगत होता.