नळीतली सळई

वडिलांना काय भेट द्यावी हे माझ्या नवऱ्याला, सत्यजितला, कधीच कळलेलं नाही. या वेळी त्याने रायफल दिली. जपानमध्ये, जिथे नवी सुरीसुद्धा खोक्यात बंद करून घरी आणावी लागते.

अर्थात मेलेली रायफल. सैन्याने मोडीत काढलेली थ्री नॉट थ्री, नळीत सळई ठोकून वेल्ड केलेली. सोबत दुकानाचा दाखला, की ही कधीच चालणार नाही. तशीच असेल तरच घरात ठेवता येते.

माझे सासरे बाळासाहेब एकतीस वर्षं पोलिसांच्या शस्त्रागारात आर्मरर, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारे, होते. सासूबाई गेल्यावर आमच्याकडे टोकियोत फुनाबोरीला आले आणि महिनाभर चहापुरतंच बोलले. रायफल आली तसे बोलू लागले. तिच्याशी. गंज उतरवला, लाकडी दस्त्याला जवसाचं तेल पाजलं. मी माझ्या सहा महिन्यांच्या लेकीला मालिश करताना पुटपुटते ना, तसंच पुटपुटत. दोघींत जास्त लाड कुणाचे, सांगणं कठीण होतं.

मग एका दुपारी त्यांनी नळी पुसायला दोरीला चिंधी बांधून आत सोडली. ती चार बोटांवर अडकली. सळईचं सत्यजितने त्यांना सांगितलंच नव्हतं. तो योग्य वेळ बघत होता, आणि त्याचं ऑफिस त्याला ती देत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लेकीला लस टोचून मी परतले, तर बाबांनी ड्रिल आणलं होतं. जपानीचा एक शब्द येत नसताना, पोलादाला चालेल असं बिट निवडून. मी इथे तीन वर्षं राहून अजून मीठ समजून साखर आणते.

चपला न काढताच मी सांगितलं, सळई काढणं इथे गुन्हा आहे. दोन हजार अकराच्या भूकंपानंतर निम्मं ऑफिस मायदेशी पळालं तरी सत्यजित राहिला. दहा वर्षं भरली आणि कायम राहण्याचा अर्ज आत्ता कुठे इमिग्रेशनच्या टेबलावर पोचलाय.

"एकतीस वर्षांत एकही नळी मी कंडेम करून मोडीत काढली नाही, केतकी."

"ही दुरुस्त झाली तर परत जावं लागेल, बाबा."

"मला?"

त्यात इतकी आशा होती, की मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली.

"सगळ्यांना. हिलाही."

लेक नेमकी तेव्हाच माझ्या खांद्यावर ओकली. वकील म्हणून वाईट नव्हती.

बाबांनी नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला. मग त्यांनी ड्रिलची वायर काढून गुंडाळली आणि पुठ्ठ्याचा तुकडा नि दोरा मागितला. शस्त्रागारातल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं: नळी कंडेम. खाली 'कारण' लिहून थांबले. माझ्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि लिहिलं: कौटुंबिक.

सही केली, तारीख घातली, पुठ्ठा ट्रिगरपाशी बांधला. हात पुसून म्हणाले, "आण तिला इकडे. तू कपडे बदल."