वाडीखालचं पाणी

“वीज आधी देवळाला, मग शाळेला. तुमच्या वाडीचं मग बघू,” राजाराम म्हणाला.

लालबागच्या चाळीत कोंडसरे ग्रामस्थ मंडळाची खोली होती. अध्यक्ष राजाराम खाटेवर बसला होता, शेजारी इंजिनीअर. सुंदराबाई आणि तिचा मुलगा बुधाजी उंबऱ्याशी उभे होते. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन दोन वर्षं झाली, तरी या खोलीत त्यांना ‘बसा’ कोणी म्हटलं नव्हतं.

इंजिनीअर मात्र मन लावून सांगत होता. गावच्या गरम पाण्याच्या कुंडातलं पाणी उकळत नाही. पण लवकर उकळणारा दुसरा द्रव त्याच्या उष्णतेनं उकळतो. त्या वाफेवर चाक फिरवलं की वीज तयार होते. भोक पाडायचं होतं सुंदराबाईच्या जमिनीच्या तुकड्यात. पाणी तिथंच सर्वांत कढत, आणि अगदी वरवर होतं.

“संयुक्त महाराष्ट्रासाठी एकत्र मोर्चे काढले आपण,” राजाराम म्हणाला. “गावासाठी एवढं नाय करणार?”

गिरणीच्या खडखडाटात उमर गेल्यानं सुंदराबाईचा आवाज एरवी चढाच असे. आज तो खाली आला. आजवर ती राजारामला अहो-जाहो करत आली होती.

“माझा हात बघ, राजाराम. बाळंतपणात कंबर धरली म्हणून कुंडाचं पाणी मागाया गेले. तुझ्या बापानं वरून ओतलं. मडक्यात कमी, हातावर जास्त. वर हसला. आता तेच पाणी माझ्या जमिनीतनं काढणार, नि उजेड तुझ्या देवाला?”

“जुनं कशाला उकरतेस?”

“उकरायला तूच निघालायस.”

“एक दिवा त्यांच्याही वाडीत लावू की,” इंजिनीअर हळूच म्हणाला.

राजाराम खिडकीबाहेर पाहत राहिला. सुंदराबाईनं जरा वाट पाहिली.

“चल, बुधाजी.”

योजना तिथंच बारगळली. करी रोडला गाववाले भेटले की तिला ऐकवत, “हिच्यामुळं गाव अंधारात.” एकदा बुधाजीही म्हणाला, “आये, दिली असतीस तर...” भाकरी थापणारा तिचा हात थांबला. “तू पण?” एवढंच ती म्हणाली. त्या दिवशी ती जेवली नाही.

महाराष्ट्र झाला त्या मे महिन्यात ती गावी गेली. इंजिनीअरनं सांगितलेल्या जागी तिनं बुधाजीला कुदळ मारायला लावली. कमरेएवढ्या खड्ड्यात वाफाळतं पाणी झिरपलं. वाडीतल्या म्हाताऱ्या बादल्या घेऊन आल्या. सुंदराबाईनं बादलीतलं पाणी निवू दिलं, लुगडं गुडघ्यापर्यंत घेतलं आणि पाय आत सोडले.

दिवेलागण झाली. वाडीत साऱ्याजणी पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या; कंदील लावायला कोणीच उठलं नाही.