आप्पांची झोप आणि चंदगडचा डोंगर

चैत्रात चंदगडच्या डोंगरात का जायचं, याचे माझ्याकडं इतके मुद्दे होते की ते ऐकता ऐकता आप्पांची भाकरी संपली, हात धुऊन झाला, तरी मी अजून फणसापर्यंतसुद्धा पोचले नव्हते. वक्तृत्व स्पर्धेत जिल्ह्यात दुसरी आल्यापासनं माझं असंच झालंय. आधी वर्गात बाईंनी नाव विचारलं तरी मी फरशीकडं बघायचे. आता नववीची परीक्षा देऊन मोकळी झालेली मी कुणालाही काहीही पटवून देऊ शकते, निदान मला तरी तसं वाटतं.

आप्पांनी हात पुसले आणि म्हणाले, "दुपारी बघू." त्यांचं दुपारी बघू म्हणजे कधीच नाही.

आप्पा इचलकरंजीत रात्रपाळीला माग चालवतात. मागाची शेड आणि आमची खोली यांच्यात एकच भिंत आहे. सकाळी येऊन ते जेवतात आणि त्याच भिंतीकडेला पथारी टाकून झोपतात. म्हणजे झोपायला बघतात. यंदा लोडशेडिंग सुरू झालं आणि दिवसातनं कितीदा तरी लाईट जायला लागली. लाईट गेली की पंखा बंद, वरचा पत्रा तापलेला, आणि आप्पा उठून बसलेले. लाईट आली की परत आडवे. असल्या तुकड्यातुकड्यांच्या झोपेवर माणसानं रात्रभर माग सांभाळायचे कसे? शिमग्याच्या आसपास एकदा त्यांना उभ्या उभ्या डुलकी लागली आणि बोट मागात गेलं. नख गेलं, बोट राहिलं. शेठनं सांगितलं, यावेळी सोडतो, परत डुलताना दिसलास तर घरी बसायचं. डॉक्टर म्हणाले, याला औषध नाही, आठ-दहा दिवस शांत जागी नेऊन झोपवा, नाहीतर पुढच्या वेळी हात जाईल.

शांत जागा म्हटल्यावर मला ईरप्पामामाचं गाव आठवलं. चंदगडच्या पलीकडं, डोंगराच्या पोटात, जिथं रस्ता संपतो म्हणून एसटी पण संपते. मी तिथं फक्त लहानपणी गेलेली, पण अव्वाकडनं ऐकलेलं सगळं होतं. अव्वा म्हणजे माझी आई. चैत्रात तिथं काजू पिकतो. जांभळाला मोहर येतो आणि त्याखाली उभं राहिलं तर मधमाश्यांशिवाय कोण नसतं. दुपारीसुद्धा अंगावर पांघरूण घ्यावं अशी हवा. पंखा लागतच नाही, मग लाईट गेली काय आणि राहिली काय? हा माझा सगळ्यात जोरदार मुद्दा होता.

अव्वाला मी म्हटलं, तू पण जरा बोल की, तुझंच माहेर आहे. ती मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. दिवसभर ती घरात बसून कांड्याच भरते. मान वर न करता म्हणाली, "जायचं झालं तर जाऊ. न्हायतर न्हाई. माझ्यात वाद घालायचं त्राण न्हाई बाई." चार-पाच वर्षं ती माहेरी गेली नव्हती, आणि गेली नव्हती हेसुद्धा कधी बोलली नव्हती.

शेवटी शेजारच्या आकारामकाकांना मीच गाठलं, ते पण मागच चालवतात. मागावरचा माणूस सुट्टीवर गेला तर बदली माणूस त्यानंच द्यायचा असतो. काका म्हणाले, तुझा आप्पा येऊन माझ्याशी बोलंल तवा बघू. मी म्हटलं, आप्पा बोलत नाहीत, मी बोलते. काकांनी माझ्याकडं बघितलं, विडी विझवली आणि हो म्हणाले. आप्पांना कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. रागवायला पण ताकद लागते.

मामाचं गाव मी सांगितलं होतं त्याच्याहून भारी निघालं. कुसुंबाला नवी पालवी आलेली, लाल भडक, लांबनं वाटावं झाड पेटलंय. काजूची बोंडं पिवळी, केशरी, तांबडी, आणि सगळ्या रानात त्यांचा गोड आंबूस वास. घरामागं डोंगरातनं आलेलं पाणी दगडाच्या डोणीत पडायचं, तेही एवढं बारीक की आवाज नाही. मी उड्या मारत होते. अव्वा डोणीवर गेली, पाय धुतले आणि तिथंच बसून राहिली. आप्पांना मामीनं माजघरात गार जमिनीवर घोंगडं अंथरून दिलं. ते आडवे झाले. मी दारातनं बघत राहिले. डोळे मिटले आणि लगेच उघडले.

मला वाटलं, प्रवासाचा शीण असेल. पण दुसऱ्या दिवशीही तेच. डोळा लागायचा, आणि कुणीतरी हाक मारल्यासारखे दचकून उठायचे. रात्री लागत नाही ते लागत नाही, दुपारी पण नाही. डोळे एवढे लाल की मामाची बारकी पोरगी त्यांना बघून रडायला लागली.

मग घरानं आप्पांची झोप मनावर घेतली. कारभार माझ्याकडं. मी मामीला सांगून कोंबड्या पाटीखाली डालल्या. वासरू लांबच्या फणसाला नेऊन बांधलं. शेजारच्या चिमणाबाई दुपारी उखळात काहीतरी कांडायच्या, त्यांना मी जाऊन मुद्देसूद समजावलं. त्या म्हणाल्या, "व्हय गं बाई, तुझा बा जागा व्हतोय म्हणून आमी उपाशी बसतो." पण कांडायच्या थांबल्या. पोरं ओढ्यावर पिटाळली. मामा स्वतःच्या घरात चपला हातात घेऊन चालायला लागला. एवढी शांतता झाली की काजूचं बोंड खाली पडलेलं ऐकू यायचं.

आणि आप्पा टक्क जागे.

मामा वैतागला. म्हणाला, "दाजी, आता तर डोंगर बी श्वास धरून बसलाय. झोपा की ओ."

आप्पा हसायचा प्रयत्न करत उठले आणि परसात गेले. सुट्टी निम्मी संपली होती. असेच परत गेले तर पहिल्याच रात्री मागासमोर डुलणार, हे मला दिसत होतं. सगळे काजू वेचायला रानात गेल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि पुन्हा सुरू केलं, की आप्पा, इथली हवा बघा, इथं उकडत नाही, आवाज नाही, उठवायला कोण नाही.

ते बोटाकडं बघत होते. नख अजून नीट आलं नव्हतं. म्हणाले, "आवाज न्हाई, त्येचंच तर झालंय." मग बोट चोळत, "पोरी, सूत तुटलं की माग थांबतोय. मागवाल्यानं त्येवढं ऐकायचं असतंय. चालू असताना कान मिटला तरी चालतोय, पर बंद पडला की उठायचं. पोरगा होतो तवापासनं ह्येच केलंय. हितं समदंच बंद हाय. जरा डोळा लागला की वाटतंय, बंद पडलं, ऊठ."

म्हणजे घरी ते उकाड्यानं उठत नव्हते. लाईट गेली की भिंतीपलीकडचे माग थांबायचे, आणि ते थांबले म्हणून आप्पा उठायचे. आणि मी त्यांना कुठं आणलं होतं, तर जिथं काहीच चालू नाही अशा जागी. वरनं कोंबड्यासुद्धा झाकल्या.

मी म्हटलं, "मग मी बोलू?"

"काय बोलणार?"

"काहीही. तुम्ही आडवे व्हा."

ते घोंगड्यावर आडवे झाले आणि मी सुरू केलं. स्पर्धेतल्यासारखं वरखाली नाही, एका पट्टीत. वसंत ऋतूत डोंगराळ भागात का जावे. जांभळाचा मोहर, मधमाश्या, कुसुंबाची पालवी, फणसाची कोवळी कुयरी आणि तिची भाजी, करवंदं अजून हिरवी आहेत पण मिठाबरोबर चालतात. आप्पांचे डोळे मिटले. तोंड जरा उघडं पडलं. मी आवंढा गिळायला थांबले आणि त्यांच्या पापण्या हलल्या. मी घाईनं पुढचं वाक्य धरलं.

मुद्दे संपले. मी ते परत पहिल्यापासनं सांगितले. मग भूगोलाचा अख्खा धडा, मग पाढे, मग वर्गातल्या मुलींची नावं हजेरीप्रमाणं. घसा कोरडा पडला. आयुष्यात पहिल्यांदा मला बोलायचा कंटाळा आला, आणि ज्याच्यासाठी बोलायचं तो माणूस एक शब्द ऐकत नव्हता. ते घोरायला लागले होते. ऊन माजघराच्या उंबऱ्यावरनं अंगणात सरकलं. मी गुजरातच्या नद्या सांगत होते तेव्हा अव्वा काजूची पाटी घेऊन आली.

बोंड पिळून बी वेगळी करायची आणि बीचा चीक बोटं सोलून काढतो. तिची बोटं काळी पडली होती, ती पाठ धरून चालत होती. आप्पांना बघून ती दारातच थांबली. मी बोलता बोलताच तिला सांगितलं, थांबलं की उठतात, माझा घसा गेलाय, आता तू बोल, तापी, नर्मदा, साबरमती, मही.

तिनं पाटी खाली ठेवली आणि खांबाला टेकून बसली. काय बोलू, असं हातानंच विचारलं. मी खांदे उडवले आणि गप्प झाले. आप्पांच्या पापण्या हलल्या.

"मला यायचं हुतं हितं," अव्वा म्हणाली. पापण्या थांबल्या. ती आप्पांकडं नाही, डोणीकडं बघून बोलत होती. "कवापासनं यायचं हुतं. तुमच्या खोलीत त्या मागांच्या खडखडाटात सांगायचं कसं? मीठ पायजे तर वरडून मागायचं. ताप आलाय त्ये बी वरडून. माहेरची आठवण येतीया म्हणून वरडून कसं सांगायचं ओ? शेजारीपाजारी ऐकत्यात आणि तुमाला ऐकू येत न्हाई. मग म्हटलं, राहू दे."

तिचा आवाज एवढा बारीक होता. मी तिच्या पोटची, पण हा आवाज मला माहीत नव्हता. मला वाटलं आता थांबेल, पण ती पुढं बोलत गेली. धाकट्या बहिणीच्या लग्नात दोनच दिवस राहायला मिळालं, ते. पाठीत कांड्यांमुळं चमक भरते, ते. बोट मागात गेलं त्या रात्री ती सकाळपर्यंत दारात उभी होती आणि आप्पा आले तेव्हा तिनं फक्त चहा ठेवला, ते. भरभर नाही, रडून नाही. कांडी भरावी तसं सलग.

आप्पा झोपले होते.

मी कोपऱ्यातली दुसरी रिकामी पाटी उचलली. रानात अजून बरंच वेचायचं राहिलं होतं आणि मामी एकटीच तिथं वाकलेली दिसत होती. उंबरा ओलांडताना मी मागं बघितलं. अव्वानं बोलता बोलता पदरानं आप्पांच्या तोंडावरची माशी हाकलली आणि म्हणाली, "आणि ऐका, आणखी एक."