मामाचा वाटेकरी

आमच्यात आपण मारलेलं आपण खात नाही. आपलं दुसऱ्याने खायचं, दुसऱ्याचं आपण. म्हणून रानातल्या प्रत्येक शिकाऱ्याला एक वाटेकरी असतो, आणि बायको मिळायच्या आधी वाटेकरी मिळावा लागतो. बायकोशी भांडण झालं तर माणूस शेजारच्या झाडावर जाऊन झोपू शकतो. वाटेकऱ्याशी भांडला तर उपाशी झोपतो. त्यामुळे वाटेकऱ्यांची भांडणं आमच्यात फारशी होत नसत. स्वतःची शिकार स्वतःच खाणाऱ्याला आपपोट्या म्हणतात. याहून वाईट शिव्या आमच्या भाषेत आहेत, पण त्या द्यायला दोन घसे लागतात.

घशांचं सांगून टाकतो. आम्हाला दोन घसे, मोठा आणि धाकटा. मोठ्याने आपसात बोलायचं, धाकट्याने रानाशी. सहाव्या वर्षी मला वरच्यांच्या वसतिगृहात घातलं. वरचे म्हणजे आकाशातून यानं घेऊन उतरलेले लोक. त्यांना आमचं रान इतकं आवडलं की त्यांनी त्याच्या मधोमध वसाहत बांधली. वसतिगृहाच्या वॉर्डनबाई फार प्रेमळ होत्या. माझा धाकटा घसा वाजला की त्यांना वाटायचं पोराच्या पोटात गुडगुडतंय, आणि त्या मला चमचाभर औषध पाजायच्या. दिवसातून तीनदा. चौथीत जाईपर्यंत मला पूर्ण आराम पडला.

पुढे मी पदवीधर झालो. आमच्यातला पहिला. सत्काराचा फोटो अजून कचेरीच्या जिन्यात आहे, त्यात मी कुठला ते आता मलाही शोधावं लागतं. एकवीस वर्षं मी वन्यजीव परवाना कचेरीत खिडकी क्रमांक तीनवर बसतो. एक नंबरची खिडकी चौकशीची आहे, तिथे कोणी नसतं. दोन नंबरची बंद असते.

त्या दिवशी सकाळी मामा खिडकीपाशी येऊन उभा राहिला. मला वाटलं परवान्याचं नूतनीकरण असेल.

"थोट्या गेला," मामा म्हणाला.

थोट्या म्हणजे मामाचा वाटेकरी. डाव्या हाताची दोन बोटं नसलेला. एकतीस वर्षं त्या दोघांनी एकमेकांच्या हातचं खाल्लं होतं.

"कधी?"

"पानं गळायच्या आधी. झाडावरून पडला. या वयात एवढ्या वर चढायची काही गरज होती का? पण ऐकतो कोणाचं."

"मग इतके दिवस तू काय खातोयस?"

"कंद."

कंद आमच्यात दात न आलेल्यांना देतात. मामाचे दात सगळे शाबूत होते. त्यांच्याभोवतीचा मामा तेवढा कमी झाला होता.

"दुसरा कोणी बघ ना वाटेकरी."

"दुसरा कुठला? दरवर्षी तूच मोजतोस की."

ते खरं होतं. परवानाधारकांची त्या वर्षीची यादी माझ्याच टेबलावर होती. अनुक्रमांक एक, थोट्या. अनुक्रमांक दोन, मामा. बाकीचे कोणी खाणीत ट्रक चालवतात, कोणी वसाहतीच्या सी ब्लॉकमध्ये खोली घेऊन टीव्ही बघतात. सगळे सुखात आहेत. निदान आमच्या अहवालात तसं आहे.

"मग आता?"

"आता तू," मामा म्हणाला, आणि मागे कोणी नसतानाही दुसऱ्याला जागा करून द्यावी तसा बाजूला सरकला.

मी त्याला कॅन्टीनमध्ये नेलं आणि मांसाचा डबा उघडून पुढे ठेवला. मामाने वास घेतला.

"हे कोणी मारलं?"

"कोणी नाही. कारखान्यात मरतं ते."

"तिथे कोण असतं?"

"यंत्र असतं."

"त्या यंत्राला कोण खाऊ घालतं मग?"

मी म्हणालो, मामा, तसं नसतं ते. मामा म्हणाला, नसेल. डबा त्याने हळूच माझ्याकडे सरकवला, झाकणासकट.

वेळ फार नव्हता. पानगळीपासून कोंब फुटेपर्यंत शिकाऱ्याच्या पोटात वाटेकऱ्याच्या हातचं एकदा तरी जावं लागतं. नाही गेलं तर त्याने भाला झाडाला टांगायचा आणि रान सोडायचं. हा नियम कोणी केला हे कोणाला माहीत नाही, पण त्यासाठी कधी खिडकी उघडावी लागली नाही. भाला टांगला की मामाला सी ब्लॉक. दुसरा मजला, जिन्याला लागून, समोर पाण्याची टाकी. खोली रिकामीच होती, मला माहीत होतं, कारण ती मामाच्या नावाने मीच अडवून ठेवली होती. त्याच्या भल्यासाठी.

अडचण अशी की मी आजवर काही मारलेलं नाही. दुसरी अडचण जास्त मोठी होती, आणि ती माझ्याच सहीची होती.

परवान्याच्या अटींत अट क्रमांक नऊ आहे: शिकार परवानाधारकाने स्वतःच खावी, ती दुसऱ्यास देणे, अथवा दुसऱ्याची घेणे, हा गुन्हा आहे. नियम झाला तेव्हा समितीने मला जाणकार म्हणून बोलावलं होतं. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. समितीतल्या बाईंनी विचारलं, "तुमचे लोक शिकार विकतात का हो?" मी म्हणालो, नाही, खातात. "आपापली?" त्यांनी विचारलं. तेव्हा वाटेकऱ्याचं सगळं सांगायला हवं होतं. पण टेबलाभोवती सात जण होते, काचेचे पेले होते, आणि सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. आमच्याकडे एकाचं दुसरा खातो, हे ऐकून त्यांचे चेहरे कसे होतील ते मला दिसलं. मी मान हलवली. बाईंनी लिहून घेतलं. मसुदा टंकून आला, मी वाचला आणि सही केली. त्यानंतर एकवीस वर्षं मामा आणि थोट्या गुन्हेगार होते, आणि दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी मी त्यांना विचारायचो, "स्वतःच खाता ना?" दोघं म्हणायचे, "हो." मला वाटायचं, त्यांना प्रश्न कळत नसेल.

मी साहेबांकडे गेलो. साहेबांना आमच्या संस्कृतीचं फार प्रेम. त्यांच्या खुर्चीमागे भिंतीवर आमचा एक भाला आहे, उलटा लावलेला.

"साहेब, अट नऊ शिथिल करता येईल का? एका माणसापुरती."

"अहो, ती तर तुमचीच परंपरा आहे. तिच्यात आम्ही ढवळाढवळ करणं बरं दिसेल का?" त्यांनी फाइल मागवली, पान काढलं. "ही बघा. सहीसुद्धा तुमचीच. किती वळणदार होती हो तेव्हा."

"परंपरा जरा वेगळी आहे, साहेब."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

याला उत्तर होतं, पण ते कागदावर देण्यासारखं नव्हतं. साहेब विरघळले. म्हणाले, "मामांना संस्कृती केंद्रात घेऊ या. सुट्टीच्या दिवशी प्रात्यक्षिक असतं. रबराचा तिपाया रुळावरून पळतो, शिकारी भाला मारतो, मुलं टाळ्या वाजवतात. मानधन, शिवाय जेवण."

"जेवण कसलं?"

"डब्यातलं. पण पानावर वाढतात."

तेव्हा सुट्टीच्या दिवशी कचेरीची जीप घेऊन मी रानात जायला लागलो. तिपाया म्हणजे तीन पायांचं, करड्या पाठीचं जनावर. नाव वरच्यांनी ठेवलंय. पुढचे दोन पाय लांब, मागचा एक जाड, आणि नाक असं की कालच्या आंघोळीचा साबण त्याला तीनशे पावलांवरून कळतो. मी झाडाआड उभा राहिलो की ओढ्यापलीकडचा अख्खा कळप माना वर करायचा आणि चालू लागायचा. घाईसुद्धा करायचा नाही. मामाचा भाला हातात धरून मी ते बघत राहायचो.

"पुढच्या वेळी," मामा म्हणायचा.

मग तो स्वतः जायचा आणि एक अर्ज तपासायला लागतो तेवढ्या वेळात तिपाया घेऊन परत यायचा. भाजायचा, आणि माझ्यापुढे ठेवायचा. मी त्याचा वाटेकरी होतो, मला खाणं भाग होतं. कॅन्टीनवर वाढलेलं माझं पोट, दुसऱ्या दिवशी मला दोनदा खिडकी बंद करावी लागायची. मामा समोर बसून माझा एकेक घास बघायचा. त्याच्या हातात कंद.

"कसं झालंय?"

"छान."

मामाचा चेहरा उतरला. म्हणाला, "थोट्या नेहमी म्हणायचा, चिवट आहे. एकतीस वर्षं."

"चिवटच आहे," मी म्हणालो.

"आहेच मुळी," मामा म्हणाला, आणि त्याने कंद पहिल्यांदा जरा चवीने खाल्ला.

अशा सहा सुट्ट्या गेल्या. सहा वेळा मी जेवलो, सहा वेळा मामा उपाशी राहिला. सातव्या सुट्टीला निघालो तेव्हा वसाहतीच्या फाटकापाशी झाडांच्या फांद्या हिरव्या दिसायला लागल्या होत्या. आठवड्याभरात कोंब फुटणार होते.

रानातल्या नव्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी उंच कुंपण आहे. प्राण्यांच्या सुरक्षिततेसाठी. एक तिपाया कुठल्याशा भोकातून आत आला होता आणि त्याला ते भोक परत सापडत नव्हतं. वळणावर तो मला दिसला. मी ब्रेक दाबला, तो कुंपणावर आदळून मागे आला, आणि मग आवाज झाला.

मी खाली उतरलो. तो लगेच मेला नाही. मी जवळ बसलो, कारण शिकारी बसतो असं मामाने सांगितलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. शांत झाल्यावर मी मामाने गेल्या सुट्टीला बरोबर दिलेला भाला मागच्या सीटवरून काढला आणि त्याच्या बरगडीत घातला. जखम कशी दिसावी ते मी सहा वेळा जवळून पाहिलं होतं. जीप मामाच्या टेकाडाच्या चढणीखालीच ठेवली आणि त्याला खांद्यावर घेऊन वर गेलो. म्हणजे दम तरी खरा लागेल.

"मी मारला," मी म्हणालो.

मामाने माझ्या खांद्यावरून जनावर उतरवलं. पाठीवरून हात फिरवला, मग कुशीवरून. आतलं हाड चुरा झालं होतं, ते वरून दिसत नव्हतं, पण मामाचा हात तिथे जरा थांबला. मग त्याने तळवा नाकाशी नेला. टायरचा वास मलासुद्धा येत होता.

"कुठे?"

"ओढ्यापाशी."

"पळाला?"

"पळाला."

"पळायला वाट होती त्याला?"

"होती," मी म्हणालो.

मामा उठला. विस्तव केला, जनावर सोललं, फुटलेली हाडं माझ्याकडे पाठ करून काढली आणि पानाखाली झाकली. मग बसला आणि खाल्लं. आधी काळीज, मग मांडी, मग सगळंच. चार महिन्यांचा उपाशी माणूस खातो तसं नाही. सावकाश, परक्या घरी पाहुणा जेवतो तसं.

"कसं झालंय?" मी विचारलं.

"चिवट," मामा म्हणाला.

कोवळा तिपाया होता तो. लोण्यासारखा असणार.

हात पुसून मामा उठला आणि टेकाडाच्या टोकाशी गेला. वाटेकऱ्याच्या हातचं पहिलं खाल्लं की धाकट्या घशाने त्याचं नाव रानाला सांगायचं असतं. मामाने माझं नाव सांगितलं. लहानपणचं, दोन घशांचं. ते ऐकून मला छत्तीस वर्षं झाली होती, आणि ओळखायला मला क्षणभर लागला. मी लहान असताना असं नाव गेलं की सात टेकड्यांवरून उत्तरं यायची, कोणी अभिनंदन करायचं, कोणी शिव्या द्यायचं. उत्तर येईपर्यंत हलायचं नाही अशी रीत आहे. मामा हलला नाही. मी घशाला हात लावून बघितला, आत काही वाजतंय का म्हणून. नव्हतं वाजत. समोरच्या टेकडीवर झाडं नव्हती, खाण होती. तिथून जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला.

"ऐकलं असेल," मामा म्हणाला. कोणी, ते मी विचारलं नाही.

मी निघताना त्याने भाला पुन्हा माझ्या हातात दिला. पुढच्या पानगळीपर्यंत त्याचं रान त्याच्याकडे राहिलं होतं.

"रानाशी मी आजवर खोटं बोललो नव्हतो," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता, भाल्याचं टोक तपासत. "आता ते खरं करायचं देणं तुझ्याकडे लागलं."

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी शिकार परवान्याचा एक कोरा अर्ज घेतला आणि माझ्या नावाने भरला. रकाना नऊ: शिकार अर्जदार स्वतःच खाणार का? मी लिहिलं, नाही. मग उठून खिडकीच्या बाहेरच्या बाजूला गेलो, अर्ज आत सरकवला, आत येऊन बसलो आणि तपासला. नियमात बसत नव्हता. नामंजुरीचा शिक्का मारला, पोच फाडली आणि खिशात ठेवली. हरकत असल्यास तीस दिवसांत खिडकी क्रमांक तीनवर अपील करता येतं, असं तिच्यावर छापलेलं आहे. एकवीस वर्षांत या कचेरीत नऊ नंबरच्या रकान्यात लिहिलेलं ते पहिलं खरं उत्तर. फाइलला लावलंय.

त्या दिवसापासून मी साबण लावलेला नाही. कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावर आता कोणी बसत नाही. आधीही फारसं कोणी बसायचं नाही, पण आता त्याला कारण आहे. साहेबांनी परवा खिडकीतूनच विचारलं, "तब्येत बरी आहे ना तुमची?" वॉर्डनबाईंची आठवण झाली. मी म्हणालो, हो, सुधारतेय.

गेल्या सुट्टीला ओढ्यापाशी उभा राहिलो तेव्हा कळपाने माना वर केल्या, वास घेतला आणि जरा विचार केला. मग निघून गेला. मी पावलं मोजली. दोनशे चाळीस होती.